पाण्याचा जमाखर्च

या सदरातून मी आजवर व्याजदर, वारसनोंद, मृत्युपत्र आणि मुदतठेव यांविषयीच लिहीत आलो. आज लिहितो आहे तोही हिशेबच आहे; मात्र तो रुपयांचा नसून पाण्याचा आणि मिठाचा आहे, आणि तो चुकविणारा मी स्वतः आहे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, बहात्तर वर्षांची. गेली अनेक वर्षे ती रक्तदाबाची गोळी घेत असे. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढून दाब उतरविणाऱ्या जातीची ती गोळी. दरवर्षी दशलक्षण पर्वात ती सहा रसांपैकी एखाददुसऱ्याचा त्याग करते. कधी तूप, कधी गोड, कधी दूध-दही. गेल्या वर्षी तिने दहाही दिवस मीठ सोडले आणि जेवण एकवेळचे ठेवले. एकाशन करणाऱ्या अनेकजणी पाणीही एकदाच घेतात. आक्काला औषधांमुळे सूर्यास्तापर्यंत गाळून उकळलेल्या पाण्याची मोकळीक होती.

चौथ्या दिवशी तिचे डोके जड झाले, अन्नावरची वासना गेली, पायांत त्राण राहिले नाही. मी भेटायला गेलो होतो. निवृत्तीनंतर माणसाला सल्ले देण्याची फार घाई असते. मी म्हणालो, “आक्का, तुला पाणी कमी पडतंय. मीठ नाही तर नाही, निदान पाणी तरी भरपूर पी.” एवढ्यावर न थांबता लिटरभराचा एक तांब्या तिच्यासमोर ठेवला आणि सूर्यास्तापूर्वी असे तीन तांबे संपलेच पाहिजेत, असे बजावून आलो. आक्काचा स्वभाव असा की, एकदा मान डोलावली की त्यात खंड नाही. तहान असो वा नसो, तिने तीन दिवस रोज तीन तांबे संपविले.

सातव्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला, “मामा, आईचं काहीतरी वेगळंच चाललंय.” गेलो तेव्हा ती पूजेची थाळी घेऊन स्वयंपाकघरात उभी होती आणि मंदिर कुणी हलवले, असे सुनेला विचारत होती. माझ्याकडे पाहून तिने मला “आप्पा” अशी हाक मारली. आप्पा म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन तीस वर्षे झाली.

रुग्णालयात रक्त तपासले. सोडियम ११७. निरोगी माणसात हा आकडा १३५ ते १४५ च्या दरम्यान असतो. मी तत्काळ निष्कर्ष काढून मोकळा झालो, की मीठ सोडले म्हणून मीठ कमी झाले. तेथील तरुण डॉक्टर बाईंनी मान हलविली. “काका, मीठ थोडं कमी झालंय, पण पाणी फार जास्त झालंय. आता त्यांना पाणी देऊ नका.” मी चकित झालो. ओठ कोरडे पडलेल्या बाईचे पाणी तोडायचे? बाईंनी केसपेपरच्या पाठीमागे शेजारी शेजारी दोन चौकटी काढल्या, एक मोठी आणि एक लहान. पुढचे सारे त्या दोन चौकटींवरून मी शिकलो. घरी आल्यावर पुस्तके चाळून पक्के केले.

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे ४२ लिटर पाणी असते. ते एका हौदात भरलेले नसते. त्यातील २८ लिटर पेशींच्या आत असते. ती मोठी चौकट. उरलेले १४ लिटर पेशींच्या बाहेर. ती लहान चौकट. या चौदापैकी साडेतीनच लिटर रक्तवाहिन्यांतून फिरणाऱ्या रक्तद्रवात असतात आणि बाकीचे पेशींच्या फटीफटींतून झिरपलेले असतात. स्त्रियांत आणि उतारवयात पाण्याचा वाटा कमी होतो. ४८ किलोंच्या आक्काच्या देहात मिळून २२ लिटरच पाणी असावे, असा बाईंचा अंदाज होता.

दोन चौकटींमधल्या भिंतीची गंमत अशी की, पाण्याला ती जवळजवळ उघडी आहे, मिठाला मात्र बंद. सोडियमची नेमणूक बाहेरच्या चौकटीत, पोटॅशियमची आतल्या. चुकून आत शिरलेले सोडियम पेशीच्या कवचातला एक पंप अखंड बाहेर फेकत असतो. तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, असा त्याचा सौदा ठरलेला. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप उजेडात आणला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या दोन शाखांमधील कर्मचाऱ्यांच्या बदल्या बंद आहेत, रोकड मात्र विनापरवाना इकडून तिकडे वाहते. जिकडे विरघळलेले कण दाट, तिकडे पाणी जाते, आणि दोन्हीकडची दाटी समसमान होईपर्यंत जात राहते.

चौकटींची ही रीत डॅनियल डॅरो आणि हर्मन यानेट या अमेरिकी वैद्यकांनी १९३५ मध्ये रूढ केली. चौकटीची रुंदी म्हणजे पाण्याचे आकारमान, उंची म्हणजे द्रावणाची दाटी. एवढ्या दोन मापांवर पाणी कुठे जाईल हे कागदावर मांडता येते. ताळेबंद वाचण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला याहून सुबोध चित्र मिळणे कठीण.

आता एक लिटर साधे पाणी प्यालो असे समजा. ते प्रथम बाहेरच्या चौकटीत उतरते आणि तिथली दाटी किंचित घटवते. आतली दाटी तुलनेने वाढलेली, म्हणून पाण्याचा दोन-तृतीयांश भाग पेशींत शिरतो. बाहेर राहतात जेमतेम ३३० मिलिलिटर, आणि रक्तवाहिन्यांच्या वाट्याला येतात सुमारे ८०. मूत्रपिंडांनी ते बाहेर टाकेपर्यंतची ही वाटणी. उलट शिरेतून एक लिटर नेहमीचे सलाईन दिले, म्हणजे ज्यात ९ ग्रॅम मीठ आहे ते, तर त्याची दाटी रक्ताएवढीच असल्याने पाण्याला पेशींत शिरायला कारणच उरत नाही. लिटरच्या लिटर बाहेरच्या चौकटीत राहतो आणि त्यातला पाव हिस्सा रक्तात टिकतो. तेच लिटरभर पाणी. सोबत मीठ आहे की नाही, एवढ्यावरून त्याचा पत्ता बदलतो.

पापड-लोणच्याच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी वजन वाढलेले दिसते ते याच न्यायाने. जास्तीचे मीठ बाहेरच्या चौकटीत थांबते, तहान लावते आणि पाणी धरून ठेवते. ज्यांचे हृदय वा मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांच्या घोट्यांवर ते सूज होऊन उतरते.

जुलाबांत नेमके उलट घडते. आतड्यांतून मीठ आणि पाणी दोन्ही एकदम निघून जातात. दाटी बदलत नाही, म्हणून पेशी आपले पाणी सोडत नाहीत. सारा तोटा चौदा लिटरच्या लहान चौकटीला सोसावा लागतो. नाडी क्षीण होते, डोळे खोल जातात, आणि पटकीचा रोगी काही तासांत दगावतो. तिथे नुसते पाणी पाजून भागत नाही. मीठ परत द्यावे लागते, आणि ते आतड्यातून आत ओढले जावे म्हणून सोबत साखर लागते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत कालवून आप्तेष्टांच्याच हातून रोग्यांना पाजले. शंभरात वीस-तीस मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘जलसंजीवनी’ म्हणून मिळते ती पुडी त्याच कुळातली. आज तिच्या एका लिटरला २.६ ग्रॅम साधे मीठ असते. म्हणून पुडी अर्ध्या पेल्यात कालवणे जितके घातक, तितकेच ती दोन लिटरमध्ये ‘पुरवून’ वापरणेही निरर्थक.

आक्काकडे परत येतो. माझी मूळ चूक कुठे होती? मी ११७ हा आकडा शिलकीचा समजलो. तो शिलकीचा नव्हे, प्रमाणाचा आहे. थकीत कर्जांची टक्केवारी पाहताना हा धडा मी पस्तीस वर्षे इतरांना देत होतो. थकीत कर्जे तेवढीच राहिली आणि एकूण कर्जवाटप फुगले, तरी टक्केवारी खाली येते. वसुली एका रुपयाचीही झालेली नसते. सोडियमचा आकडा खाली आला म्हणजे मीठच घटले असे नाही. छेद वाढला असू शकतो, आणि तो छेद पाणी आहे. देहात मीठ एकूण किती, यावर बाहेरच्या चौकटीचे आकारमान ठरते: सूज, नाडी, रक्तदाब. मिठाचे पाण्याशी प्रमाण किती, यावर पेशी फुगणार की आक्रसणार, हे ठरते. या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत आणि भल्याभल्यांची त्यांत गल्लत होते.

पण पाणी जास्त झाले तर ते लघवीवाटे जायला हवे होते. धडधाकट माणसाचे जातेच. इथे माझे दुसरे अज्ञान उघडे पडले. मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही; प्रत्येक लिटरबरोबर थोडे तरी विरघळलेले द्रव्य द्यावेच लागते. जणू पाण्याच्या प्रत्येक पोत्याला लागणारा बारदाना. हे द्रव्य येते आहारातील मिठातून आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांच्या राखेतून. साधारण जेवणातून दिवसाला किमान ६०० मिलिऑस्मोल द्रव्य मिळते, आणि तरुण मूत्रपिंड एका लिटरला ५० एवढ्यावर भागवते. म्हणजे दिवसाला १२ लिटर पाणी बाहेर टाकण्याची ऐपत. आक्काचे एकवेळचे अळणी जेवण, त्यातही दोन घास. बाईंनी अंदाजाने २४० धरले. वय आणि ती गोळी यांमुळे लघवी पातळ करण्याची शक्ती मंदावलेली. लिटरला १५० पेक्षा कमीवर तिचे भागेना. भागाकार केला, १.६ लिटर. माझ्या तीन तांब्यांपैकी एवढेच बाहेर जाऊ शकत होते. श्वास, घाम आणि जेवणातले पाणी यांची वजाबाकी-बेरीज करता रोज लिटरभर शिल्लक उरत होती. तीन दिवसांत तीन लिटर.

केसपेपरच्या कोपऱ्यात मीच हिशेब केला. १३८ ला २२ ने गुणायचे आणि २५ ने भागायचे: १२१. राहिलेला उतार गोळीने लघवीवाटे काढलेल्या मिठाचा. उत्तर इतके नेमके जुळताना पाहून, खरे सांगतो, क्षणभर ओशाळण्याऐवजी मला हिशेबनिसाचे समाधानच वाटले.

तीन लिटर म्हणजे तीन किलो. घरात वजनकाटा होता, पण त्यावर आक्काला कुणी उभे केले नाही. पायांवर सूजही दिसली नव्हती. दोन लिटर पेशींच्या आत गेलेले, ते दिसणार कसे? शरीरातल्या बहुतेक पेशी थोड्या फुगल्या तर काही बिघडत नाही. मेंदूच्या पेशी मात्र कवटीच्या आत आहेत आणि कवटी ताणत नाही. मंदिर स्वयंपाकघरात हरवले ते त्यामुळे.

उपचार मला आधी फारच कंजूष वाटला. तीन टक्क्यांचे दाट सलाईन, अवघे दीडशे मिलिलिटर, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. बाहेरची दाटी वाढवून ते मेंदूच्या पेशींतले पाणी ओढून घेते. तासा-दोन तासांत आक्का मला ओळखू लागली. मी म्हणालो, “गुण येतोय, तर आणखी द्या ना. रात्रीतून १३८ करून टाका.” बाई म्हणाल्या, “चोवीस तासांत आठाच्या वर नाही न्यायचा.” कारण असे, की दाटी दोन-तीन दिवस हळूहळू घटत असते तेव्हा मेंदूच्या पेशी गप्प बसत नाहीत. फुगणे टाळण्यासाठी त्या स्वतःजवळचे पोटॅशियम आणि इतर कण बाहेर टाकून हलक्या होतात. एवढ्या खालच्या आकड्यावरही आक्का बोलत होती ती या तडजोडीमुळे. आता बाहेरची दाटी एकदम पूर्ववत केली, तर टाकलेले कण परत मिळवायला पेशींना वेळच मिळत नाही. त्या आक्रसतात, मज्जातंतूंवरचे आवरण विरते, आणि आठवडाभराने, सारे ठीक वाटत असताना, वाचा, गिळण्याची शक्ती, हातपाय जाऊ शकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा १२२ होता. गोळी बंद केलेली, मीठ मिळालेले. मूत्रपिंडांना एकदम मोकळे वाटले असावे. पिशवीत पांढरीशुभ्र, पाण्यासारखी लघवी भराभर साठू लागली. आम्हा सर्वांना आनंद झाला, बाईंच्या कपाळावर मात्र आठी. दुपारी आकडा १२६. आणि आदल्या दिवशी ज्यांनी घोटभर पाण्याला मज्जाव केला होता, त्यांनीच आता शिरेतून पाणी सुरू करायला सांगितले. पाच टक्के ग्लुकोजची बाटली म्हणजे व्यवहारात पाणीच. ग्लुकोज शरीर वापरून टाकते आणि मागे निव्वळ पाणी उरते. कोरे पाणी शिरेत सोडता येत नाही, कारण ते भेटणाऱ्या पहिल्याच तांबड्या पेशी फुगून फुटतील. मी काही बोलणार होतो; पण तीन तांबे आठवले आणि गप्प राहिलो. संध्याकाळी आकडा १२५ वर स्थिरावला. सहाव्या दिवशी १३४ घेऊन आम्ही घरी आलो.

हे केवळ म्हाताऱ्यांचे दुखणे आहे असेही नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीअखेर तपासले, तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांचे सोडियम घटलेले आढळले. धावताना ज्यांचे वजन वाढले होते, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्याले होते, त्यांच्यात विशेषकरून. तीन तांब्यांची प्रेरणा मला तरी कुठून मिळाली होती? रोज आठ पेले पाणी प्यावे, हे वाक्य आपण सारेच आप्तवाक्यासारखे उच्चारतो. १९४५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी पुरे, असे म्हटले होते. लगेच पुढे हेही म्हटले होते, की यातले बहुतांश तयार अन्नातूनच मिळते. पहिले वाक्य जगभर गेले, दुसरे मागे राहिले. कर्जाच्या करारातही बारीक अक्षरांतले वाक्य कुणी वाचत नाही.

तिसऱ्या दिवशी आक्का पूर्ण शुद्धीवर होती. खोलीत आम्ही दोघेच असताना तिने विचारले, “बाळू, मला शिरेतनं मीठ दिलं का रे?” मी हो म्हणालो. ती बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मग दहा दिवस झाले असं मी कसं म्हणायचं?” या प्रश्नाचे उत्तर देण्याचा माझा अधिकार नाही. मी इतकेच सांगितले की, ते मीठ तुझ्या त्यागात खोट होती म्हणून द्यावे लागले नाही, मी ठेवलेल्या तांब्यामुळे द्यावे लागले. तिने पुढे मंदिरात काय प्रायश्चित्त घेतले ते मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

यंदा श्रावणातच आम्ही तिच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांकडे गेलो. दशलक्षणात ती काय सोडणार आहे, हे आजवर आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. त्यांनी गोळी बदलून दुसऱ्या जातीची दिली, आठवड्याने सोडियम तपासले, १३९ आले. मीठ कमी खाण्याचा जुना सल्ला त्यांनी कायम ठेवला, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत; पण पूर्ण बंद करायला, तेही एकवेळच्या जेवणावर, साफ नकार दिला. आक्काने थोडा वेळ मनाशी हिशेब केला आणि तेल व गोड सोडले. दहाही दिवस पूर्ण झाले.

परवा तिच्याकडे गेलो तेव्हा तो लिटरभराचा तांब्या देवघराशेजारी फुले ठेवण्यासाठी घेतलेला दिसला. तिने मला पाणी आणून दिले. पेला अर्धाच भरलेला. मी तिच्याकडे पाहिले, तर म्हणाली, “तहान असली तर आणखी देईन.”